दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील महाकाय विमानांना इतकी इंजिने का लागत होती?

मूळ प्रश्न असा आहे: 1919 ते 1939 या वीस वर्षांत बांधलेल्या अवाढव्य प्रोपेलर विमानांची छायाचित्रे पाहिली, तर कोणावर सहा, कोणावर आठ, तर एकावर चक्क बारा इंजिने दिसतात. यांतील बहुतेक विमाने एक किंवा दोन नमुन्यांपलीकडे गेली नाहीत आणि काही पहिल्याच प्रयत्नात कोसळली. मग ती बांधणाऱ्यांना साधे गणित येत नव्हते, की केवळ मोठेपणाच्या हौसेपायी हे सगळे केले गेले? माझी नोकरी विमानांच्या सांगाड्यांची तपासणी आणि दुरुस्ती करण्यात गेली आणि त्यातली सुरुवातीची वर्षे पिस्टन इंजिनांच्या विमानांवर गेली. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर इतिहासकाराच्या नव्हे, तर कामगाराच्या नजरेतून देतो.

त्या माणसांना गणित उत्तम येत होते. त्यांच्यापाशी नव्हते ते पुरेशा ताकदीचे एकेक इंजिन. ही एक उणीव भरून काढण्यासाठी त्यांनी लहान इंजिनांची संख्या वाढवली आणि त्या वाढलेल्या संख्येतून हवेचा विरोध, तापणे, कंपने आणि तोल बिघडणे ही सगळी दुखणी उभी राहिली. प्रत्येक विमान पडण्याचे कारण इंजिनच होते असे माझे म्हणणे नाही, परंतु त्यांच्या आराखड्यातील ज्या गोष्टी आज आपल्याला विचित्र वाटतात, त्यांतील बहुतेकांचा माग काढत गेले की आपण इंजिनापाशीच येऊन थांबतो.

आधी आकाराचे गणित पाहू. एखाद्या चांगल्या उडणाऱ्या विमानाची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली, तर त्याच्या पंखांचे क्षेत्रफळ चौपट होते, पण घनफळ आणि त्यासोबत वजन आठपट होते. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर पूर्वीच्या दुप्पट भार येतो. तो उचलण्यासाठी विमानाला सुमारे 1.4 पट वेगाने उडावे लागते. लागणारी शक्ती वजन आणि वेग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढते, म्हणून ती आठ गुणिले 1.4, अर्थात अकरा पटींहून थोडी अधिक होते. 1919 साली हाताशी असलेली भरवशाची मोठी इंजिने म्हणजे अमेरिकेचे सुमारे 400 अश्वशक्तीचे लिबर्टी आणि इंग्लंडचे 450 अश्वशक्तीचे नेपियर लायन. अशा एका इंजिनावर चालणारे विमान सर्व बाजूंनी दुप्पट करायचे म्हटले, तर तसलीच अकरा इंजिने हवीत. आकार वाढला की वजन क्षेत्रफळाला मागे टाकते, हे गॅलिलिओने सतराव्या शतकातच हाडांचे उदाहरण घेऊन सांगितले होते. विमान बांधणारे या नियमाशी पूर्णपणे परिचित होते.

या नियमाला काही अंशी बगल देण्याची एक युक्तीही त्यांच्याकडे होती आणि ती खरोखर सुंदर आहे. पालखीचा दांडा मध्ये वाकतो, कारण भोई दोन टोकांना असतात आणि भार मध्ये लटकतो. प्रत्येक भोयाने आपापल्या वाट्याचे ओझे स्वतःच्याच खांद्यावर घेतले, तर दांड्याला वाकण्याचे कारणच उरणार नाही. विमानाच्या पंखाचे तसेच आहे. हवा पंखाला टोकापासून टोकापर्यंत सगळीकडे उचलत असते आणि वजन मात्र मधल्या धडात एकवटलेले असते, म्हणून पंख धडाशी जोडला जातो तिथे सर्वाधिक ताण येतो. इंजिने, इंधन, शक्य असेल तर माणसेसुद्धा पंखाच्या लांबीवर पसरवून ठेवली, तर हा ताण घटतो आणि पंख हलका बांधता येतो. जर्मन विमाननिर्माते ह्यूगो युंकर्स यांनी अशा जाड, पोकळ पंखाचे पेटंट 1910 सालीच घेतले होते. 1929 च्या नोव्हेंबरमध्ये उडालेल्या त्यांच्या जी 38 विमानाचा पंखविस्तार 44 मीटर होता, पंख मुळाशी उभा माणूस मावेल इतका जाड होता, काही प्रवासी पंखाच्या पुढच्या कडेला खिडकीशी बसत आणि विमान हवेत असताना यांत्रिक आतून इंजिनांपर्यंत जात असे. या विमानावर फक्त चार इंजिने होती. जर्मनीत त्याचे दोनच नमुने बांधले गेले, तरी त्यांतील एकाने लुफ्तहान्साच्या प्रवासी मार्गांवर वर्षानुवर्षे काम केले. अपयशी विमानांच्या यादीत त्याला बसवणे मला अन्यायाचे वाटते.

याहून मोठा अन्याय त्सेपेलिन-श्टाकेन ई-4/20 वर झाला. आडोल्फ रोरबाख यांनी रचलेले हे संपूर्ण धातूचे, एकाच पंखाचे, चार इंजिनांचे प्रवासी विमान 1920 च्या शरद ऋतूत उडाले. खांब नाहीत, तारांचे जाळे नाही, इंजिने पंखाच्या पुढच्या कडेला ओळीत: पुढची कित्येक दशके मोठी विमाने जशी दिसली, तसे ते तेव्हाच दिसत होते. पराभूत जर्मनीवर देखरेख करणाऱ्या दोस्त राष्ट्रांच्या आयोगाच्या हुकुमावरून ते 1922 साली मोडण्यात आले. त्याची छायाचित्रे पाहताना मला आजही हळहळ वाटते.

आता इंजिनाच्या उणिवेने आराखडा कसा वाकडा होतो याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण घेतो. इंग्लंडमधले टॅरंट टेबर हे तीन मजली पंखांचे बॉम्बफेकी विमान मुळात 600 अश्वशक्तीच्या चार इंजिनांसाठी आखलेले होते. ती इंजिने वेळेवर तयार झाली नाहीत, म्हणून सहा नेपियर लायन बसवण्याचे ठरले. चार इंजिने खालच्या आणि मधल्या पंखांच्या मध्ये जोडीजोडीने मावली. उरलेली दोन त्यांच्या वर, मधल्या आणि सर्वांत वरच्या पंखांच्या मध्ये बसवावी लागली. 40 मीटर पंखविस्ताराच्या आणि 11 मीटरहून अधिक उंचीच्या त्या विमानात ही दोन इंजिने जमिनीपासून फार उंचावर होती. त्यातच विमान शेपटीकडे जड होईल या भीतीने नाकात सुमारे अर्धा टन शिसे भरण्यात आले. 26 मे 1919 रोजी फार्नबरो येथे पहिल्या उड्डाणासाठी खालच्या इंजिनांवर विमान धावू लागले, शेपूट उचलली गेली आणि मग वरच्या दोन इंजिनांचे थ्रॉटल (ताकद कमी-जास्त करण्याची कळ) उघडताच ते नाकावर उलथले. दोन्ही वैमानिकांचा त्यात मृत्यू झाला.

उंच शिडीला वरच्या पायरीपाशी ढकलले की ती पुढे पडते, तसे हे घडले. रेटा जितका उंचावरून लागतो, तितका तो नाकाला खाली दाबतो. वेग पुरेसा असता, तर शेपटीच्या आडव्या पृष्ठाने हा जोर सावरला असता, पण जमिनीवर धावताना शेपटीवर तेवढा वारा नसतो. चार दमदार इंजिने मिळाली असती, तर वरच्या मजल्यावर इंजिन चढवण्याची वेळच आली नसती. टेबरची रचना करणारे वॉल्टर बार्लिंग पुढे अमेरिकेत गेले आणि तिथे त्यांनी लष्करासाठी सहा लिबर्टी इंजिनांचे मोठे विमान आखले. ते 1923 साली डेटनला सुखरूप उडाले, परंतु त्याच्या तारा, खांब आणि दहा चाके मिळून हवेचा विरोध एवढा होता की वेग ताशी 155 किलोमीटरच्या आसपासच राहिला आणि डेटनहून वॉशिंग्टनला जाण्यासाठी अॅपलाशियन डोंगरसुद्धा त्याला ओलांडता आले नाहीत. इटलीतल्या कॅप्रोनी यांच्या नऊ पंखांच्या, आठ लिबर्टी इंजिनांच्या शंभर आसनी उडत्या नौकेबद्दल फार लिहीत नाही. मार्च 1921 मध्ये माज्जोरे सरोवरावर ती पडली आणि तिच्यात पुढे नेण्यासारखे तांत्रिक धन मला फारसे दिसत नाही.

डॉर्नियर डो एक्सबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे. डॉर्नियर हे नाव आपल्या वाचकांना तटरक्षक दलाच्या किनाऱ्यावर गस्त घालणाऱ्या, कानपूरला बांधल्या गेलेल्या छोट्या विमानांमुळे माहीत असते. त्या कंपनीचे संस्थापक क्लाउडे डॉर्नियर यांनी 1920 च्या दशकात अटलांटिक ओलांडणारी उडती नौका योजली. व्हर्सायच्या तहाने जर्मनीत मोठी विमाने बांधण्यावर घातलेल्या बंधनांमुळे बांधणी बोडेनसे सरोवराच्या स्विस काठावर, आल्टेनराइन येथे झाली. 48 मीटरचा पंखविस्तार, 40 मीटर लांबी आणि पूर्ण भारासह 50 टनांहून अधिक वजन असलेले हे यान 12 जुलै 1929 रोजी पहिल्यांदा उडाले. त्याच वर्षी 21 ऑक्टोबरला ते 169 माणसांना घेऊन हवेत गेले आणि त्यांतले नऊ जण लपून चढलेले होते. एका विमानात इतकी माणसे उडण्याचा हा विक्रम सुमारे वीस वर्षे टिकला.

पाण्यावरचे विमान का, असेही विचारले जाते. त्या काळी सिमेंटच्या लांब धावपट्ट्या जवळजवळ नव्हत्याच आणि गवताळ मैदानावर पन्नास टनांची चाके रुतली असती. सरोवर आणि बंदर मात्र प्रत्येक मोठ्या शहरापाशी होते आणि पाण्यावर धावण्याची लांबी हवी तेवढी मिळत होती. त्याची किंमत अशी की नौकेसारखा तळ हवेत ओढत न्यावा लागतो आणि उड्डाणाच्या वेळी पाण्याची पकड तोडायला नेमकी तेव्हाच जास्तीत जास्त ताकद लागते, जेव्हा इंजिनांकडे ती सर्वांत कमी असते. ती कमी असण्याचे एक कारण प्रोपेलर. त्या वेळचे लाकडी प्रोपेलर स्थिर कोनाचे होते. पूर्ण वेगासाठी योग्य कोन निवडला, तर सुरुवातीच्या धावेत पाती हवेला नीट पकडत नाहीत आणि इंजिनाची अश्वशक्ती कागदावरच राहते. उड्डाणात कोन बदलणारे प्रोपेलर व्यवहारात रुळले ते 1933 नंतर. सर्वसाधारण वाचनात या एका शोधाची म्हणावी तशी दखल घेतली जात नाही, पण मोठ्या विमानांच्या बाबतीत तो मी इंजिनाइतकाच महत्त्वाचा मानतो.

डो एक्सवरची बारा इंजिने पंखाच्या वर सहा मनोऱ्यांवर होती. प्रत्येक मनोऱ्यावर पाठीला पाठ लावून दोन: पुढचे ओढणारे, मागचे ढकलणारे. ती पाण्याच्या तुषारांपासून दूर ठेवण्यासाठी वर चढवणे भाग होते आणि जोडीने ठेवल्यामुळे बारांऐवजी सहाच मनोऱ्यांचा विरोध सोसावा लागत होता. हा हिशेब चुकीचा नव्हता. मात्र सुरुवातीची इंजिने हवेने थंड होणारी, जर्मनीत परवान्यावर बनवलेली ब्रिस्टल ज्युपिटर होती, प्रत्येकी सुमारे 525 अश्वशक्तीची. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला स्वच्छ, थंड, सरळ येणारा वारा लागतो. मागच्या इंजिनाच्या वाट्याला पुढच्याने तापवलेला आणि घुसळलेला वारा येत होता. पिस्टन इंजिनांवर काम केलेला कोणताही माणूस सांगेल की सिलिंडरचे डोके एकदा मर्यादेपलीकडे तापू लागले की थ्रॉटल मागे घेण्यावाचून इलाज नसतो. मागची सहा इंजिने तापत, त्यांची ताकद कमी करावी लागे आणि यान कसेबसे 425 मीटर उंची गाठत असे. शेवटी 1930 मध्ये पाण्याने थंड होणारी, प्रत्येकी 600 अश्वशक्तीहून थोडी अधिक ताकदीची अमेरिकन कर्टिस कॉन्करर इंजिने बसवली गेली. मनोऱ्यांना एकमेकांशी जोडणारा लहान पंखही त्याच वेळी काढला गेला. इतके करूनही उंचीत फारशी भर पडली नाही, ती 500 मीटरपर्यंतच गेली.

संख्येचा आणखी एक परिणाम असा की बिघाडाची शक्यता इंजिनागणिक वाढत जाते. उदाहरणादाखल धरा, एखादे इंजिन शंभरांतल्या 98 फेऱ्या निर्दोष करते. एक इंजिन असेल, तर शंभरांत दोन फेऱ्यांना त्रास होईल. बारा असतील, तर बाराही निर्दोष चालण्याची शक्यता 78 टक्क्यांवर येते, म्हणजे दर पाच फेऱ्यांत एकदा कुठले तरी इंजिन कुरकुरणार. म्हणूनच डो एक्सवर वैमानिकापाशी थ्रॉटल नव्हतेच. मागच्या खोलीत बसलेला यांत्रिक अभियंता जहाजाच्या इंजिनघराप्रमाणे हुकूम ऐकून बाराही इंजिने सांभाळत असे, आणि पंखाच्या पोकळीतून सरपटत मनोऱ्यांपर्यंत जाण्याची सोय ठेवलेली होती. ही व्यवस्था हास्यास्पद मानली जाते, पण मला ती त्या परिस्थितीतली अगदी समजूतदार वाटते. बारा इंजिनांचे तापमापक आणि दाबमापक समोर ठेवून एकाच माणसाने यान उडवावे ही अपेक्षाच चुकीची ठरली असती.

3 नोव्हेंबर 1930 रोजी फ्रीडरिख क्रिस्टियान्सेन यांच्या नेतृत्वाखाली हे यान न्यूयॉर्कच्या दिशेने निघाले आणि पोहोचले 27 ऑगस्ट 1931 रोजी. लिस्बनला ताडपत्रीने पेट घेतल्यामुळे एका पंखाचा भाग जळाला, कॅनरी बेटांवर तळाचे नुकसान झाले आणि दोन्ही वेळा दुरुस्तीत आठवडे गेले. अटलांटिक ओलांडताना इंधनाने जड झालेले यान बराच वेळ लाटांच्या अगदी जवळून उडत राहिले. यामागेही शास्त्र आहे: पंखविस्ताराच्या मानाने पृष्ठभाग जवळ असेल, तर उचल निर्माण करताना लागणारा विरोध कमी होतो आणि तेवढीच ताकद वाचते. इटलीसाठी आणखी दोन याने बांधली गेली, त्यापुढे कोणी मागणी केली नाही. मूळ यान बर्लिनच्या विमानसंग्रहालयात ठेवले होते, ते 1943 च्या हवाई हल्ल्यात नष्ट झाले.

सोव्हिएत संघातील कालिनिन के-7 चे दुखणे वेगळ्या जातीचे होते. कॉन्स्टान्टिन कालिनिन यांनी खार्किवमध्ये रचलेल्या या विमानाचा पंखविस्तार 53 मीटर, पंखाची जाडी दोन मीटरांहून अधिक, इंजिने सात: सहा पुढच्या कडेला आणि एक मागे ढकलणारे. भार पंखात पसरवण्याची युक्ती इथे शेवटच्या टोकापर्यंत नेली होती, परंतु शेपूट दोन लांब तुळयांवर मागे धरलेली होती. 11 ऑगस्ट 1933 रोजीच्या पहिल्याच छोट्या उड्डाणात सगळे विमान जोराने थरथरले. प्रत्येक सांगाड्याची थरथरण्याची स्वतःची एक लय असते आणि सांगाडा दुप्पट मोठा केला की ती लय निम्मी संथ होते. इंजिन आणि प्रोपेलर मात्र आपल्या ठरलेल्या फेऱ्यांनीच फिरतात. त्यामुळे लहान विमानात ज्या दोन लयी एकमेकींपासून दूर राहतात, त्या मोठ्या विमानात जुळू शकतात आणि मग झोपाळ्याला वेळेवर झोका द्यावा तसा प्रत्येक धक्का आधीच्यात मिसळून वाढत जातो. अभियंते याला रेझोनन्स म्हणतात. सात इंजिने असली की लय जुळण्याच्या शक्यताही वाढतात. शेपटीच्या तुळया आखूड आणि मजबूत करण्यात आल्या, काही चाचण्या पार पडल्या आणि 21 नोव्हेंबर 1933 रोजी त्यांतलीच एक तुळई हवेत तुटली. विमानातील चौदा आणि जमिनीवरील एक अशी पंधरा माणसे गेली. वारंवार थरथर सोसलेल्या जोडापाशी धातूला भेग पडते, ती बाहेरून दिसत नाही आणि नुसती पट्टी जोडून जाडी वाढवली तर भेग पट्टीच्या कडेला सरकते. माझ्या कामात हे मी लहान प्रमाणावर अनेकदा पाहिले आहे, म्हणून के-7 ची हकीकत मला इतर सर्वांपेक्षा जास्त अस्वस्थ करते. कालिनिन यांना 1938 साली स्टालिनच्या दडपशाहीत मृत्युदंड देण्यात आला.

सोव्हिएत रचनाकार तुपोलेव्ह यांचे मॅक्सिम गॉर्की हे 63 मीटर पंखविस्ताराचे, आठ इंजिनांचे प्रचारविमान याच पंगतीत बसवले जाते. त्याची प्रत्येकी 900 अश्वशक्तीची इंजिने पाहता ताकदीची ददात त्याला नव्हती. पन्हाळी पत्र्याच्या आवरणामुळे ते ताशी सुमारे 220 किलोमीटरच्या पुढे जात नव्हते एवढेच. 18 मे 1935 रोजी ते पडले, त्याला कारण शेजारी कसरती करणाऱ्या लढाऊ विमानाची धडक. त्याचा दोष आराखड्यावर टाकू नये.

यानंतर अमेरिकेत 15 ऑक्टोबर 1937 रोजी बोइंग एक्सबी-15 उडाले. 45 मीटरचा गुळगुळीत धातूचा एकेरी पंख, 32 टन वजन, कोन बदलणारे प्रोपेलर आणि फक्त चार इंजिने. नियोजित दणकट इंजिने तयार नव्हती, म्हणून सुमारे 1000 अश्वशक्तीची चार बसवावी लागली. टेबरवर अठरा वर्षांपूर्वी आलेला प्रसंग पुन्हा आला होता. बोइंगच्या लोकांनी मात्र पाचवे आणि सहावे इंजिन जोडले नाही, कमी वेग मान्य केला आणि विमान सुरक्षित राखले. ताशी 320 किलोमीटरपर्यंतच जाणारे ते बॉम्बफेकी विमान सैन्याच्या कामाचे ठरले नाही, पण फेब्रुवारी 1939 मध्ये भूकंपग्रस्त चिलीला औषधे पोहोचवण्याचे काम त्याने चोख केले. त्याच्याच पंखाच्या आराखड्यावर बोइंगने 314 ही प्रवासी उडती नौका बांधली आणि तिच्यावर प्रत्येकी 1500 अश्वशक्तीची चार राइट इंजिने बसवली, म्हणजे एकूण 6000 अश्वशक्ती. डो एक्सवर सुरुवातीला होती तिच्याशी ही बेरीज जवळपास जुळते, फक्त ती बारांऐवजी चार इंजिनांतून, पंखाच्या पुढच्या कडेला, स्वच्छ वाऱ्यात आणि कितीतरी हलक्या यानासाठी मिळत होती. 1939 च्या उन्हाळ्यात पॅन अमेरिकन या विमान कंपनीने तिच्यावर अटलांटिकपार नियमित प्रवासी सेवा सुरू केली. याही यानाच्या पंखातून इंजिनांपर्यंत जाण्याची वाट ठेवलेली होती आणि उड्डाणात यांत्रिक तिथे जाऊन किरकोळ दुरुस्त्या करत असत.